नांदेड-लातूरच्या दप्तरांतील स्त्रिया

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील स्त्रियांचा इतिहास शोधताना पहिला प्रश्न दप्तराचा येतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादमधून, म्हणजे आताच्या धाराशिवमधून, वेगळा झाला. त्यातले उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते, तर नांदेड जिल्ह्यातले किनवट आदिलाबादेत. त्यामुळे उदगीरच्या एखाद्या विधवेचा अर्ज लातूरच्या कचेरीत सापडेलच असे नाही. तो बिदरच्या रुमालात बांधलेला असू शकतो. संस्थानच्या वरिष्ठ कचेऱ्यांचे दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे, काही कागद छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात आहेत आणि जमिनीच्या नोंदी तहसील व भूमी अभिलेख कार्यालयांत. जुने कागद फारसीत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासूनचे उर्दूत, आणि गावपातळीवरचे बरेचसे मोडीत.

या कागदांत बाईचे नाव बहुधा मालमत्तेच्या वाटेनेच येते. मराठवाड्यात जमिनीच्या वादात आजही काढला जाणारा मुंतखब घ्या. इनामांची चौकशी करणाऱ्या अतियात खात्याचा हा निकाल. इनाम कशाबद्दल दिले, सध्या कोणाकडे आहे आणि वारस कोण, हे त्यात नोंदलेले असते. इनामदार वारला, मागे मुलगा नाही किंवा दत्तकाचा वाद आहे, अशा वेळी ‘बेवा’ म्हणून विधवेचे नाव पुढे येते. नवरा हयात असेपर्यंत त्याच घरातल्या त्याच बाईचा कागदाला पत्ता नसतो.

1954-55 चे खासरा पत्रक आणि त्यानंतरचे फेरफार पाहिले तरी हेच दिसते. बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ लिहून नवऱ्याचे नाव जोडलेले असते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वडिलांच्या मालमत्तेत वारसा दिला आणि वारसांच्या यादीत त्यांची नावे येऊ लागली. पण त्याच नोंदीला जोडून पुष्कळदा हक्कसोडपत्र असते. बहिणीने भावाच्या नावे हिस्सा सोडला, खाली डाव्या हाताचा अंगठा, साक्षीदार दोन. बाईचे नाव सरकारी कागदावर आले ते हक्क सोडण्यासाठी, ही या दप्तरातली सर्वांत बोलकी आणि सर्वांत क्लेशकारक गोष्ट आहे.

निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नोंदींत वेगळी अडचण आहे. दगडाबाई शेळके किंवा भूम तालुक्यातील ईटच्या गोदावरीबाई टेके ही नावे लोकांच्या आठवणीने टिकवली. नांदेड-लातूरच्या गावांत भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, हत्यारे कणगीत दडवणाऱ्या बायांचे मात्र कोणी हजेरीपत्रक ठेवले नव्हते. पुढे स्वातंत्र्यसैनिकाच्या मानधनासाठी तुरुंगवासाचा किंवा भूमिगत असल्याचा पुरावा लागू लागला. केंद्राच्या योजनेत तुरुंगवासाची किमान अट सहा महिन्यांची होती, स्त्रियांसाठी ती तीन महिने केली. सवलत रास्तच होती. पण जिने घर सांभाळून लढा चालवला तिला तुरुंगाचा दाखला कुठून मिळणार?

बायांनी स्वतः सांगितलेला इतिहास सरकारी दप्तराबाहेर, जात्यावर आहे. गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या अनेक भागांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, आणि त्या गाणारीच्या व गावाच्या नावासह नोंदवल्या गेल्या. 2017 पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या क्रमाने प्रसिद्ध होत आहेत. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल यांच्या जोडीला त्यांत दुष्काळ आहे, बाबासाहेब आंबेडकर आहेत. कुठल्याही मुंतखबात न मिळणारे बाईचे स्वतःचे मत इथे मिळते.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर स्त्रिया कागदावर वेगळ्या नात्याने आल्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली, 52 गावे नव्या जागी वसवली गेली. जी घरे जागेवरच दुरुस्त करायची होती, तिथे ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिला मंडळांतल्या बायांना संवाद सहायक म्हणून उभे केले. दुरुस्तीचे हप्ते आणि भिंती मजबूत करण्याच्या पद्धती घरोघरी समजावणे, तक्रारी अभियंत्यापर्यंत नेणे ही त्यांची कामे. बाई इथे गावाच्या कारभारातली माणूस म्हणून नोंदली गेली. या कामाची टिपणे, फोटो, बैठकींची इतिवृत्ते तीस वर्षांनंतर पुराभिलेखाच्या मोलाची झाली आहेत.

2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली जुनी उर्दू आणि मोडी दप्तरे उघडली गेली. जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे प्रवेश-निर्गम, खासरा पत्रके यांची नावे गावकट्ट्यावर ऐकू येऊ लागली. हीच रजिस्टरे शाळेत घातलेल्या पहिल्या मुलींसाठी आणि वारस म्हणून नोंदलेल्या विधवांसाठीही वाचली पाहिजेत. 17 सप्टेंबरच्या मुक्तिदिनी किंवा 9 जूनच्या आंतरराष्ट्रीय अभिलेख दिनी नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी कागदांचे प्रदर्शन भरवताना सनदा आणि फर्मानांशेजारी हक्कसोडपत्रही मांडावे, आणि ज्यांनी त्यावर अंगठा उठवला त्या आज्यांना, त्या हयात आहेत तोवर, बोलते करून त्यांचे सांगणे नोंदवून ठेवावे.