विद्येचा गाडीवान

आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच प्राचीन तगर, असे विद्वान मानतात. पहिल्या शतकातील एका ग्रीक वृत्तांतात तगरची वस्त्रे बिनवाटेच्या मुलुखातून गाड्यांवर भडोच बंदरी जात, अशी नोंद आहे. विणकराचे कसब सातासमुद्रापार गेले, ते मध्ये गाडीवान उभा होता म्हणून.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सिद्ध केला. निर्वात नलिकांचे ते यंत्र संस्थेत राबले. परंतु त्याची दुसरी प्रत बाजारात आली नाही. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकन संगणक आला. कसब होते, गाडीवान नव्हता.

पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २००४ साली ‘साइन’ हे उद्योगसंवर्धन केंद्र काढून ती उणीव भरून काढली. तेथील विद्यार्थ्यांनी २००७ साली स्थापिलेली, वैमानिकाविना उडणारी याने घडविणारी ‘आयडियाफोर्ज’ कंपनी २०२३ साली शेअरबाजारात दाखल झाली.

विद्याविक्रय निंद्य, असे मी वर्गात आयुष्यभर शिकविले. परंतु लोकांच्या पैशावर पोसलेली विद्या कपाटात कुजणे, हे त्याहून निंद्य नव्हे काय?