एका प्रयोगाचे हसू : ‘संशयकल्लोळ’ आणि नगरची हौशी रंगभूमी

हौशी रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा पारितोषिके मोजतो. हौशी कलावंतांनी कोणती नाटके निवडली आणि कोणती टाळली, हा प्रश्न मागे राहतो. अभिजात सुखात्मिका हौशी संघाला अवघड का जाते, हा त्याच प्रश्नाचा एक भाग आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’इतका चांगला आधार दुसरा नाही.

या नाटकाचे मूळ मोलियरच्या ‘स्गानारेल’मध्ये (१६६०) आहे. मोलियर स्वतः त्यात नायकाची भूमिका करी, आणि त्याच्या हयातीत त्याच्या मंडळीने सर्वाधिक वेळा केलेले नाटक हेच, असे सांगितले जाते. पुढे आर्थर मर्फीने त्यावरून ‘ऑल इन द राँग’ (१७६१) हे इंग्रजी नाटक रचले, आणि त्या वाटेने ते देवलांपर्यंत आले. देवलांनी प्रथम ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३) हे गद्य नाटक लिहिले. त्याला पदांची जोड देऊन गंधर्व नाटक मंडळीसाठी सिद्ध झालेले ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ साली रंगभूमीवर आले. त्याच वर्षी देवलांचे निधन झाले. म्हणजे एका विनोदाला पक्व व्हायला तेवीस वर्षे लागली.

देवलांचे खरे काम रूपांतराहून मोठे आहे. मूर्च्छित झालेल्या तरुणीला सावरणारा पुरुष, तिच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर, ती उचलणारी त्याच पुरुषाची पत्नी आणि त्यातून उठलेले दुहेरी संशय, हा सांगाडा मोलियरचाच. पण मोलियरची नायिका घरंदाज कुटुंबातली मुलगी. देवलांची रेवती नायकिणीच्या घरची. कुलीन अविवाहित मुलीने प्रियकराची तसबीर जवळ बाळगावी, हे त्या काळच्या मराठी प्रेक्षकाला पटले नसते, हे देवलांनी ओळखले असावे. रेवतीचे घर बदलल्यामुळे आश्विनशेठच्या संशयालाही आपोआप धार आली. पात्रांची नावे महिन्यांवरून आणि नक्षत्रांवरून घेतली : फाल्गुनराव, आश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, तिकडे कृत्तिका, रेवती, मघा, रोहिणी. सारे पंचांगच संशयाने पछाडल्यासारखे होते, आणि प्रेक्षक पहिल्या प्रवेशापासूनच हसायला तयार होतो.

आता हौशी संघाकडे वळू. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू झाली. पूर्वीचे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर, हे तिच्या प्राथमिक फेरीच्या केंद्रांपैकी एक. स्पर्धेची रचना अशी की प्राथमिक फेरीत संघाला एकच प्रयोग मिळतो. गंभीर नाटक तालमीत बरेचसे बांधता येते. स्तब्धता, प्रकाश आणि आवाजाची पातळी यांवर दिग्दर्शकाचा ताबा राहतो. सुखात्मिकेचा अर्धा भाग मात्र प्रेक्षागृहात बसलेला असतो. हशा कोठे येईल, किती वेळ टिकेल, पुढचे वाक्य केव्हा घ्यायचे, हे तालमीच्या खोलीत कळत नाही. ते दहाव्या, विसाव्या प्रयोगात कळते. मोलियरच्या मंडळीला ती संधी होती, गंधर्व मंडळीलाही होती. जिल्ह्याच्या हौशी संघाला नसते.

नगरच्या दोन रंगकर्मींची वाटचाल या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अहमदनगर महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे मधुकर तोरडमल पुढे व्यावसायिक रंगभूमीवर गेले, आणि ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मधील प्रा. बारटक्के व त्यांची ‘ह’ची बाराखडी महाराष्ट्राच्या तोंडी बसली. शब्द न आठवल्यावर ‘ह’ने वेळ मारून नेणारी ही भाषा लिखित संहितेत निम्मीच आहे, उरलेली प्रेक्षकांच्या प्रतिसादावर तोलली जाते. नगरच्याच हौशी रंगभूमीवर घडलेले सदाशिव अमरापूरकर ‘हँड्स अप’ या नाटकात गोविंद निहलानींच्या नजरेस पडले आणि ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) रामा शेट्टी झाले. खलनायक म्हणून गाजलेल्या या नटाच्या संयमित क्रौर्याला विनोदाच्या वेळेचे भान उपकारक ठरले असावे, असे मला वाटते.

म्हणूनच एखाद्या हौशी संघाने ‘संशयकल्लोळ’ हाती घेतले, तर त्याच्याकडे केवळ जुन्या नाटकाचे पुनरुज्जीवन म्हणून पाहणे अपुरे आहे. तो संघ आपल्या रचनेतच नसलेली गोष्ट मागत असतो : दुसरा प्रयोग, तिसरा प्रयोग आणि चुकण्याची मुभा. निकाल लागल्यावर नेपथ्य मोडून न टाकता तालुक्याच्या गावी, महाविद्यालयाच्या सभागृहात तेच नाटक पुन्हा उभे केले, तर त्या संघाला पारितोषिकापेक्षा अधिक काही मिळेल. आपण वर्गात देवल शिकवतो, तेव्हा विद्यार्थी संहिता वाचून बहुधा हसत नाहीत, आणि आपण दोष त्यांच्या अभिरुचीला देतो. तो घाईचा निष्कर्ष आहे. फाल्गुनरावाचा घोटाळा कळायला तसबीर हातोहात फिरताना दिसावी लागते, आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस आपल्याआधी हसावा लागतो.