मोडलेले हाड आणि कामगाराचा हक्क



1884 च्या सप्टेंबर महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने परळला गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. तेथे तयार झालेल्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे, कारण ती 1890 साली पदरात पडली. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. कामावर जबर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अधू झाल्यास त्याच्या चरितार्थाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती.

‘बरा होईपर्यंत’ हे शब्द साधे दिसतात. परंतु मोडलेला हात बरा कोणी करायचा, कसा करायचा आणि बरा झाला हे कोणी ठरवायचे, हे सारे प्रश्न त्यांच्या पोटात दडलेले आहेत. त्यांची उत्तरे जगाने कशी शोधली, तो इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

त्या काळी इंग्लंडातील लिव्हरपूल बंदरात ह्यू ओवेन थॉमस नावाचा डॉक्टर होता. त्याचे घराणे वेल्समधील हाडवैद्यांचे. बापाची विद्या पिढीजात होती, पण पदवी नव्हती. म्हणून पदवीधर डॉक्टरांनी त्याला सुखाने जगू दिले नाही. बापाने मुलाला रीतसर डॉक्टर केले. गोदीतले आणि कारखान्यांतले मजूर हे मुलाचे रोगी, आणि दर रविवारी गरिबांना त्याचा दवाखाना फुकट असे. त्याचे तत्त्व एकच होते : मोडलेल्या किंवा दुखावलेल्या भागाला पुरेशी, अखंड विश्रांती द्या. त्यासाठी त्याने पायाला आधार देणारी लोखंडी चौकट बनविली. ती पुढे ‘थॉमस स्प्लिंट’ म्हणून प्रसिद्ध झाली. 1891 साली तो वारला, तेव्हा मोठ्या रुग्णालयांत त्याला मान नव्हता.

त्याच्या हाताखाली त्याच्या पत्नीचा भाचा रॉबर्ट जोन्स शिकला. मँचेस्टरचा जहाजी कालवा खणला जात असता 1888 साली तेथील जखमी मजुरांची जबाबदारी जोन्सवर आली. छत्तीस मैलांचा कालवा, हजारो मजूर, सुरुंग, वाफेची यंत्रे आणि मालगाड्या, अपघात रोजचेच. जोन्सने कालव्याचे तीन भाग पाडले. प्रत्येक भागात एक रुग्णालय आणि वाटेवर प्रथमोपचाराची ठाणी उभारली, आणि तेथे हाडांच्या उपचारात तरबेज माणसे नेमली. उपचाराची विद्या आधीच होती. नवी होती ती व्यवस्था : जखमी माणूस वेळेवर जाणत्या हातात पडावा ही. 1896 च्या फेब्रुवारीत, क्ष-किरणांचा शोध लागून काही महिनेच झाले असता, याच जोन्सने एका मुलाच्या मनगटातील गोळी त्यांच्या साह्याने शोधली.

पहिल्या महायुद्धाने ही गोष्ट साऱ्या जगाला पटविली. त्या वेळच्या नोंदींनुसार, मांडीचे हाड गोळीने मोडलेल्या सैनिकांपैकी आरंभी 80 टक्क्यांच्या आसपास दगावत. युद्धाच्या अखेरीस ते प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास आले. सारे श्रेय एकट्या स्प्लिंटला देता येणार नाही. जखमा लवकर साफ होऊ लागल्या, रक्तही दिले जाऊ लागले. परंतु हलविण्यापूर्वीच पाय थॉमस स्प्लिंटमध्ये स्थिर करण्याचा त्यात मोठा वाटा होता.

यापुढचे पाऊल व्हिएन्नात पडले. डॉ. लोरेन्झ ब्योलर यांनी कामगारांच्या अपघात विमा संस्थेला एक सरळ हिशेब पटवून दिला : वाईट जुळलेल्या हाडापायी जन्मभर पेन्शन देण्यापेक्षा ते आरंभीच नीट जुळविणे स्वस्त पडते. 1925 च्या डिसेंबरात केवळ अपघातग्रस्तांसाठी तेथे रुग्णालय उघडले. दया जे करू शकली नव्हती ते हिशेबाने केले, हे आपण कामगारांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्याकडे 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यात अवयवांचा भाव लिहिलेला होता : उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची शक्ती 70 टक्के गेली असे धरावयाचे, अंगठा गेला तर 25, तर्जनी गेली तर 10. लोखंड्यांच्या मागणीनंतर एकोणचाळीस वर्षांनी आलेला तो कायदा मोलाचा खराच. पण गेलेल्या अंगठ्याची किंमत त्यात होती, जाऊ घातलेला अंगठा वाचविणारा डॉक्टर त्यात नव्हता. उपचाराचा हक्क आला तो 1948 च्या राज्य विमा कायद्याने. त्याची योजना 1952 साली कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. हाड मोडलेला माणूस अजूनही पुष्कळदा प्रथम लेप लावणाऱ्याकडे जातो. त्याला हसू नये. थॉमसचे घराणे त्याच व्यवसायातले होते. पण बोटांनी चाचपून क्ष-किरणाचे काम होत नाही. घट्ट बांधलेल्या कामट्यांखाली किंवा प्लास्टरखाली सूज वाढली की रक्त अडते, आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. वेदना वाढत चालली, बोटे ताणताच कळ आली, मुंग्या आल्या किंवा बोटे बधिर, गार पडली, तर सकाळची वाट पाहू नये; तसेच रुग्णालय गाठावे. निखळलेला सांधा ओढू नये, चोळू नये. आहे त्या स्थितीत आधार देऊन न्यावा. हाड जखमेतून बाहेर दिसत असेल तर स्वच्छ कापडाने झाकावे, आत ढकलू नये. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखत राहिले, तर पहिल्या फोटोत काही दिसले नाही म्हणून गप्प बसू नये. तेथील लहानशा हाडाची चीर पुष्कळदा दहा-चौदा दिवसांनी घेतलेल्या फोटोत दिसते, आणि तोवर मनगट बांधून ठेवावे लागते.

शेवटचा मुद्दा संघटनेचा. बांधकामावरचा मजूर पडला की मुकादम त्याच्या हातात शंभर-दोनशे रुपये ठेवून गावी धाडतो. हे मी अनेकदा पाहिले आहे. तीन महिन्यांनी तो वाकडा हात घेऊन परत येतो आणि मग भरपाईचे भांडण सुरू होते. ते लढावेच. पण त्याआधीची लढाई पहिल्या दिवसाची आहे : अपघाताची नोंद झाली का, क्ष-किरण काढला का, हाडांच्या तज्ज्ञाने पाहिले का, आणि हाड जुळल्यावर सांधा मोकळा करण्याचा व्यायाम कोणी शिकविला का? प्रत्येक कामाच्या जागी हे चार प्रश्न विचारणारा एक तरी माणूस असला पाहिजे. कालव्याच्या छत्तीस मैलांवर 1888 साली जे करता आले, ते आज एका इमारतीच्या पायथ्याशी करता येत नाही, असे कोणी म्हणू लागला तर ते आपण ऐकून घेऊ नये.