पातशहापूरचा पाहुणा

पेण-रोह्याकडच्या ट्रेकर मंडळींना सुधागड पाठ असतो. वाकण फाट्यावरून पालीला वळायचं, पुढे पाच्छापूर किंवा धोंडसे गाठायचं आणि चढायला लागायचं. पाच्छापूर म्हणजे पातशहापूर, असं सांगतात. पण कोणता पातशहा, हे फारसं कुणी विचारत नाही.

तो होता शहजादा अकबर, औरंगजेबाचा मुलगा. १६७९ साली औरंगजेबाने जिझिया पुन्हा लावला आणि मारवाडच्या राठोडांशी युद्ध सुरू केलं. राजपुतांवर पाठवलेला हा मुलगा जानेवारी १६८१ मध्ये त्यांनाच सामील झाला आणि स्वतःला बादशहा म्हणवू लागला. बंड फसलं. मग दुर्गादास राठोड त्याला घेऊन दक्षिणेत उतरला आणि जूनच्या सुरुवातीला ते पालीजवळ पोचले. गवताने शाकारलेल्या घरात दिल्लीचा दावेदार राहतोय, असं इंग्रजांच्या पत्रव्यवहारात वाचायला मिळतं. त्यात कोकणचा पावसाळा. बिचारा.

संभाजी महाराजांना राज्याभिषेक होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. राजा आणि पाहुणा, दोघांचाही जन्म १६५७ चा. तरीही महाराज लगेच भेटले नाहीत. भेट झाली थेट १३ नोव्हेंबरला. मला हा उशीर अगदी समजतो. बापाविरुद्ध उठलेला मोगल शहजादा दारात आलाय, तो खरा बंडखोर की सापळा? आणि त्याला ठेवून घेतलं तर औरंगजेब दख्खनेत येणार, हेही दिसत होतं. तो आलाच.

दरम्यान ऑगस्टमध्ये रायगडावरच्या काही मंडळींनी महाराजांना हटवून ११ वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवायचा कट केला. मदतीसाठी त्यांनी पत्र कुणाला लिहिलं? याच अकबराला. आणि अकबराने ते महाराजांना कळवलं. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी चिटणीस यांना देहदंड झाला. ज्या बाळाजींनी शिवरायांची पत्रं लिहिली, त्यांची समाधी सुधागडाच्याच परिसरात आहे. या शिक्षेवर आजही वाद होतात. माझ्या मते चिटणिसांच्या बाबतीत घाई झाली.

आता व्हॉट्सॲपवरचा इतिहास आठवा. तिथे दोनच रकाने असतात, हिंदू आणि मुसलमान. यातलं कोण कुठे बसवणार?

पण धर्म म्हणजे नुसतं निमित्त होतं, असंही म्हणता येत नाही. अंबरच्या रामसिंगाला महाराजांनी लिहिलेलं संस्कृत पत्र उपलब्ध आहे. त्यात ते मंदिरं फोडली जाताना स्वस्थ बसल्याबद्दल त्याला टोचतात, हिंदू म्हणून जाब विचारतात. आणि त्याच पत्रात औरंगजेबाला कैद करून अकबराला दिल्लीच्या तख्तावर बसवायचा बेत मांडतात. त्यांना या दोन गोष्टींत विसंगती वाटली नाही.

त्याआधी शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्येही असाच एक तरुण राजा होता, नववा चार्ल्स. तिथे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते. प्रोटेस्टंटांचा नेता कोलिन्यी याला हा राजा वडिलांसारखा मानायचा. ऑगस्ट १५७२ मध्ये, चार्ल्स २२ वर्षांचा असताना, दरबाराच्या संमतीने पॅरिसमध्ये कोलिन्यीला मारलं गेलं आणि पाठोपाठ हजारोंची कत्तल झाली. पुढे दोन वर्षांत, तेविसाव्या वर्षी, राजाही गेला. महाराज गादीवर आले ते याच वयात.

पालीच्या पाहुण्याला मात्र कुणी हात लावला नाही. दिल्लीवरची स्वारी काही झाली नाही. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचे पोर्तुगीज आणि खुद्द औरंगजेब, एवढ्या आघाड्यांवर महाराज गुंतले होते. कंटाळून अकबर १६८७ साली जहाजाने इराणकडे निघून गेला, तो परतला नाही. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने महाराजांची हत्या केली.

अकबराची लहान मुलं मारवाडातच राहिली होती, दुर्गादासाच्या आसऱ्याला. पुढे मुलगी आजोबांकडे परतली. औरंगजेब तिच्यासाठी धार्मिक शिक्षणाची सोय करायला निघाला, तेव्हा तिने सांगितलं की दुर्गादासांनी अजमेरहून शिक्षिका आणवली होती आणि आपलं कुराण पाठ आहे.