लष्कराने विक्रीस काढलेला मालवाहू ट्रक : बोलीपूर्वी तपासावयाच्या बाबी

बंगळुरू : लष्कराच्या सेवेतून काढलेला मालवाहू ट्रक विकत घेण्याचा विचार कॉफीमळ्यांचे मालक, दगडखाणींचे व्यावसायिक, दुर्गम भागात प्रवास करणारे हौशी आणि जुन्या वाहनांचे संग्राहक करीत असतात. चारही चाकांना मिळणारी गती, भक्कम चेसिस आणि नव्या ट्रकच्या तुलनेत कमी भासणारी लिलावातील किंमत ही त्यामागील प्रमुख कारणे होत. मात्र लिलावातील बोली हा एकूण खर्चाचा केवळ आरंभ असतो. असा ट्रक रस्त्यावर धावणार की भंगारात जाणार, हे त्याच्या इंजिनापेक्षा त्याच्यासोबत मिळणाऱ्या कागदपत्रांवर अधिक अवलंबून असते. सरकारी वाहनांच्या आयुर्मर्यादेविषयीचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यानंतर या बाबीचे महत्त्व वाढले आहे.

बंगळुरूचा संबंध

लष्करी वाहनांशी बंगळुरूचा संबंध जुना आहे. आर्मी सर्व्हिस कोअर या लष्कराच्या पुरवठा व वाहतूक दलाचे केंद्र व महाविद्यालय याच शहरात आहे. लष्कराला अवजड ट्रक पुरविणाऱ्या 'बीईएमएल' या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना १९६४ मध्ये झाली असून तिचे मुख्यालय बंगळुरूत आहे. लष्कराच्या 'स्टॅलियन' ट्रकची निर्माती अशोक लेलँड हिचे कारखाने शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवरील होसूर येथे आहेत.

युद्धानंतर उरलेली सामग्री दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याचे एक मोठे उदाहरणही या शहरातच घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूर येथे टाकून दिलेली 'बी-२४ लिबरेटर' बॉम्बफेकी विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टने बंगळुरूला आणून दुरुस्त केली आणि १९४८ मध्ये ती भारतीय हवाई दलात दाखल झाली.

विक्रीस येणारे ट्रक

'शक्तिमान' हा स्वातंत्र्योत्तर काळातील लष्कराचा सर्वपरिचित ट्रक. जर्मनीतील एम.ए.एन. कंपनीच्या परवान्याने त्याचे उत्पादन जबलपूर येथे १९५९ मध्ये सुरू झाले आणि १९९६ मध्ये थांबले. जपानच्या निसान कंपनीच्या परवान्यावर तयार झालेला एक टनी ट्रक आणि 'जोंगा' ही जबलपूरचीच वाहने. त्यानंतरच्या पिढीत टाटाचा अडीच टनी ट्रक आणि अशोक लेलँडचा 'स्टॅलियन' ही वाहने आली. स्टॅलियनची भारवहन क्षमता दुर्गम प्रदेशात ५ टन व रस्त्यावर ७.५ टन मानली जाते.

बीईएमएलने १९८६ मधील करारानंतर तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाच्या 'टाट्रा' तंत्रज्ञानावर बांधलेले सहा व आठ चाकी चालनाचे ट्रक या सर्वांहून निराळे आहेत. त्यांचा कणा एका मध्यवर्ती नळीचा असतो, प्रत्येक अर्धा अॅक्सल स्वतंत्रपणे वरखाली होतो आणि इंजिन हवेने थंड होते. लष्कराला मिळालेले अनेक टाट्रा ट्रक डाव्या बाजूच्या स्टिअरिंगचे होते. अशा वाहनावर विहित प्रकारचे चालू स्थितीतील संकेतयंत्र असल्याखेरीज ते सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही, असे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १२० सांगते. सुटे भाग, रुंदी आणि देखभाल यांचा विचार करता खासगी मालकासाठी हा सर्वांत अवघड पर्याय ठरतो.

विक्रीची पद्धत

वाहनाची दुरुस्ती आर्थिकदृष्ट्या परवडणारी नाही, असा निर्णय तांत्रिक तपासणीनंतर झाला की ते सेवेतून काढले जाते. पूर्वी सरकारी सामग्रीची विल्हेवाट पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयामार्फत होत असे. ते महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. सध्या असे लिलाव प्रामुख्याने पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीतील एमएसटीसी लिमिटेड या कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. 'गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस' या सरकारी बाजारपेठेवरही लिलावाची सोय आहे.

बोली लावणाऱ्याला आधी नोंदणी करून ओळख व कर यासंबंधीची कागदपत्रे द्यावी लागतात आणि अनामत रक्कम भरावी लागते. प्रत्येक लिलावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध होते. त्यात वाहनांचे गट, ती कोठे उभी आहेत, पाहणीचे दिवस, पैसे भरण्याची आणि माल उचलण्याची मुदत नमूद असते. विक्री 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर होते. त्यामुळे ताबा घेतल्यानंतर इंजिन बंद असल्याची किंवा भाग गहाळ असल्याची तक्रार चालत नाही. काही गटांत सर्वोच्च बोली लागली तरी विक्री करणाऱ्या विभागाच्या मंजुरीनंतरच व्यवहार पक्का होतो. मुदतीत माल न उचलल्यास जागाभाडे आकारले जाते आणि पुढे अनामतही जप्त होऊ शकते. बोलीच्या रकमेवर वस्तू व सेवा कर तसेच लागू असल्यास स्रोतावर गोळा होणारा आयकर स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

पंधरा वर्षांची अट

केंद्र सरकारने १६ जानेवारी २०२३ रोजी केलेल्या दुरुस्तीनुसार केंद्र व राज्य सरकारे, स्थानिक स्वराज्य संस्था, सार्वजनिक परिवहन उपक्रम आणि सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्या यांच्या मालकीच्या १५ वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. अशी वाहने नोंदणीकृत वाहन मोडीत केंद्राकडे पाठवावी लागतात. देशाच्या संरक्षणासाठी, तसेच कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेसाठी वापरली जाणारी चिलखती व अन्य विशेष वाहने या तरतुदीतून वगळली आहेत.

सर्वसाधारण मालवाहू ट्रकच्या खरेदीदाराने यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. माहितीपत्रकातील गट पुन्हा नोंदणी करता येण्याजोग्या वाहनांचा आहे की केवळ मोडीत काढावयाच्या वाहनांचा, हे बोलीपूर्वीच पाहणे अत्यावश्यक ठरते. मोडीत काढण्यासाठीच्या गटांत बोली लावण्याचा अधिकार सामान्यतः नोंदणीकृत मोडीत केंद्रांपुरता मर्यादित असतो. भंगार म्हणून विकलेला ट्रक एखाद्या मध्यस्थाने 'कागद नंतर होतील' असे सांगून पुढे विकल्यास खरेदीदाराच्या हाती सुट्या भागांपलीकडे काही राहत नाही. इंजिन नवे घालता येते, हौदा नव्याने बांधता येतो; मात्र नसलेले विक्री प्रमाणपत्र मागाहून निर्माण करता येत नाही.

नोंदणीचा मार्ग

संरक्षण दलांच्या वाहनांची नोंदणी राज्यांच्या परिवहन कार्यालयात होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० अन्वये केंद्र सरकारने नेमलेले प्राधिकरण ती करते. वर टोक असलेल्या बाणाचा क्रमांकफलक ही या वाहनांची ओळख. वाहनाचा संरक्षणविषयक वापर संपताच त्याच कलमानुसार त्याला कलम ३९ व ४० लागू होतात. म्हणजेच नव्या मालकाला नागरी नोंदणी करून घ्यावी लागते. मालक ज्या राज्यात राहतो किंवा वाहन जेथे सामान्यतः ठेवले जाते, तेथील नोंदणी प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ४७ मध्ये पूर्वी लष्कराच्या मालकीच्या वाहनांचा स्वतंत्र उल्लेख आहे. अर्जासोबत संबंधित प्राधिकाऱ्याने नमुना २१ मध्ये दिलेले मूळ विक्री प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यावरील चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक आणि निर्मितीचे वर्ष वाहनावरील कोरीव क्रमांकांशी जुळणे आवश्यक असते. लष्करी सेवेत इंजिन बदलले गेले असल्यास येथेच अडचण उद्भवते. त्यामुळे पाहणीच्या दिवशी दोन्ही क्रमांक प्रत्यक्ष वाचून टिपून घेणे हितावह असते.

मालवाहू ट्रक स्वतःचाच माल नेण्यासाठी वापरला तरी तो परिवहन वाहनाच्या व्याख्येत येतो. त्याला योग्यता प्रमाणपत्र, तृतीय पक्ष विमा, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र आणि एकूण वजन ३,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक असल्यास मालवाहतुकीचा परवाना लागतो. आठ वर्षांहून जुन्या परिवहन वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी नवे करावे लागते. कर्नाटकातील वाहनकर १९५७ च्या राज्य कायद्यानुसार आकारला जातो. ट्रकचे फिरत्या घरात रूपांतर करावयाचे असल्यास कलम ५२ आडवे येते, कारण निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल त्या कलमाला मान्य नाहीत.

रंगाचाही नियम आहे. नियम १२१ अन्वये संरक्षण विभागाच्या वाहनांखेरीज अन्य कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. त्यामुळे नोंदणीपूर्वी ट्रक दुसऱ्या रंगात रंगविणे, लष्करी क्रमांक आणि तुकडीची चिन्हे काढणे हे मालकाचे पहिले काम ठरते.

ट्रक मळ्यात किंवा खाणीतच वापरावयाचा असल्याने नोंदणी लागणार नाही, असा समज आढळतो. तथापि दोन आवारांमधील सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविले तरी नोंदणी आवश्यक ठरते. विनानोंदणी वाहन चालविल्यास कलम १९२ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. त्याहून मोठा धोका विम्याचा असतो. विमा नसलेल्या ट्रकमुळे अपघात झाल्यास भरपाईचा संपूर्ण भार मालकावर येतो. याच कारणास्तव लिलावातील ट्रक आगारातून थेट चालवत न आणता तात्पुरती नोंदणी करून किंवा ट्रेलरवर चढवून आणणे योग्य ठरते.

यांत्रिक तपासणी

लष्करी ट्रक बहुधा कमी किलोमीटर चाललेला, पण दीर्घकाळ उभा राहिलेला असतो. त्यामुळे इंजिनाच्या झिजेपेक्षा उभे राहिल्याने झालेली हानी अधिक पाहावी लागते. इंधनटाकीतील गंज, कडक झालेले रबरी पाइप, ब्रेकच्या हवेच्या टाकीत साचलेले पाणी, तडकलेले ऑइलसील आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा हे दोष नेहमी आढळतात. टायरवरील नक्षी नवी दिसली तरी रबर वयाने निकामी होते. टायरच्या बाजूवरील चार अंकी खुणेतील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवितात.

बहुतेक लष्करी ट्रकची विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची असते. काही ट्रकच्या चाकांची रिम दोन भागांची, बोल्टने जोडलेली असते. हवा भरलेली असताना ते बोल्ट सैल केल्यास रिम स्फोटासारखी उसळून प्राणहानी होऊ शकते. हवा पूर्ण काढल्याशिवाय अशा चाकाला हात लावू नये, हा कार्यशाळेतील पहिला नियम आहे. कायमस्वरूपी नसलेले चारचाकी चालन कोरड्या डांबरी रस्त्यावर गुंतवून ठेवल्यास ट्रान्स्फर केस व अॅक्सलवर ताण येतो. चिखल, वाळू वा ओला चढ यांपुरताच त्याचा वापर करावा.

सुट्या भागांसाठी बंगळुरूत जयचामराजेंद्र रस्ता आणि शिवाजीनगरचा गुजरी बाजार प्रसिद्ध आहे. टाटा व अशोक लेलँडच्या ट्रकची इंजिने नागरी ट्रकच्या इंजिनांशी जवळची असल्याने त्यांचे भाग तुलनेने सहज मिळतात. ट्रान्स्फर केस, पुढचा चालक अॅक्सल आणि त्याचे सांधे हे केवळ लष्करी रचनेचे भाग मात्र दुसरा ट्रक मोडल्यावरच हाती येतात. शक्तिमानबाबत ही टंचाई सर्वाधिक जाणवते.

चालक आणि रस्ता

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवानाधारक ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या एकूण वजनाचे परिवहन वाहन चालवू शकतो. स्टॅलियनसारखा ट्रक या मर्यादेपलीकडे जातो. त्याला अवजड वाहनाचाच परवाना हवा. बंगळुरू शहरात गर्दीच्या वेळी अवजड मालवाहू वाहनांना अनेक रस्त्यांवर मनाई असते, त्यामुळे शहरातील मालकाला ट्रक ठेवण्याची जागा आणि ये-जा करण्याची वेळ खरेदीपूर्वीच ठरवावी लागते.

खर्चाचा हिशेब

बोलीची रक्कम, त्यावरील कर, वाहून आणण्याचा खर्च, सहा टायर व बॅटऱ्यांची किंमत, ब्रेक आणि इंधनव्यवस्थेची संपूर्ण दुरुस्ती, रंगकाम, नोंदणी, वाहनकर व विमा यांची बेरीज करूनच कमाल बोली ठरविणे शहाणपणाचे असते. वर्षभरात मोजकेच दिवस काम असलेल्या मालकाला भाड्याचा ट्रक स्वस्त पडतो. जेथे पावसाळ्यात साधा ट्रक पोहोचतच नाही, अशा घाटमाथ्यावरील मळ्यांसाठी मात्र योग्य कागदपत्रांचा, नीट दुरुस्त केलेला लष्करी ट्रक अनेक वर्षे सेवा देऊ शकतो.