मनसर

नागपूर जिल्ह्याच्या रामटेक तालुक्यातील मँगनीज खाणीचे गाव. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, सुमारे ४५ किमी. अंतरावर ते वसले असून रामटेकचा रस्ता येथूनच फुटतो. रामटेकचे यात्रेकरू गावाला फाटा म्हणूनच ओळखतात. गावाची योग्यता याहून फार मोठी आहे.

छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारामार्गे बालाघाटपर्यंत गेलेल्या सौसर खडकसमूहात मँगनीजचे थर आहेत. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी या भागात खाणकाम सुरू केले. रशियातील १९०५ च्या उठावाने काकेशसमधील पुरवठा विस्कळीत झाला आणि इकडच्या खनिजाला मागणी वाढली. पोलाद कठीण करण्यास व त्यातील गंधकाचा दोष घालवण्यास मँगनीज लागते. त्यामुळे रामटेक परिसरातला हा काळा दगड मुंबईमार्गे युरोपातल्या भट्ट्यांपर्यंत गेला. भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ मध्ये भारतातील मँगनीज खनिजावर मोठा ग्रंथ लिहिला व येथील एका खडकाला गोंड आदिवासींवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. खनिज फोडणे, निवडणे व वाहून नेणे या कामांत स्त्रियांचा वाटा मोठा होता, मात्र त्यांची नावे क्वचितच नोंदली गेली.

१९६२ मध्ये केंद्र शासन व ही ब्रिटिश कंपनी यांच्यातील करारातून मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड, म्हणजे आजची ‘मॉईल’, निर्माण झाली. सरकारी वाटा प्रथम ५१ टक्के होता. १९७७ मध्ये उरलेले भागही सरकारने घेतले. कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. मनसरची खाण भूमिगत आहे. शेजारी कांद्री येथेही खाण आहे.

गावाचा दुसरा वारसा वाकाटक राजवंशाचा. १९७२ मध्ये येथे सापडलेली पाचव्या शतकातील शिवप्रतिमा दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जगत पती जोशी व अरुणकुमार शर्मा यांनी हिडिंबा टेकडी व परिसरात उत्खनन केले, तेव्हा विटांच्या भव्य वास्तू उघड झाल्या. ‘प्रवरेश्वर’ नावाची मुद्रा मिळाल्याने वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात. इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी ती वर्ध्याजवळच्या पवनार येथे मानली होती. मनसरचा पुरावा अधिक बळकट वाटतो.

राजधानीचा शोध विद्वानांनी घेतला. खाणीत राबलेल्या पिढ्यांच्या आठवणी नोंदवण्याचे काम आता विदर्भातील अभ्यासकांनी, त्या सांगणारे हयात आहेत तोवर, हाती घ्यावे.