आर्ची जिंकला की माइक?

गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून भाचीचा फोन आला. तिचा मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊची. मुलाला फोनवर एका जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेचे तुकडे सापडले होते आणि ते पाहून तो खो खो हसत होता, बहिणीलाही दाखवत होता. मालिकेचं नाव 'ऑल इन द फॅमिली'. "मावशी, तू टीव्हीच्या इतिहासावर लिहितेस ना? मग एवढंच सांग, मुलांनी हे बघावं की नाही?"

होय किंवा नाही, एका शब्दात उत्तर देता येईल असं मला वाटलं होतं. पण शोधायला बसले तेव्हा दिसलं, की याच मालिकेच्या काळात अमेरिकेने हाच प्रश्न विचारला होता आणि तो सोडवताना तिथली संसद, प्रक्षेपण आयोग, तीन मोठ्या वाहिन्या आणि अखेरीस न्यायालय असे सगळे कामाला लागले होते. इतक्या मोठ्या खटाटोपातून हाती काय लागलं, हे पाहण्यासारखं आहे.

या मालिकेचं बीज ब्रिटनमधलं. बीबीसीवर १९६६ साली 'टिल डेथ अस डू पार्ट' ही जॉनी स्पाइट यांची मालिका सुरू झाली. पूर्व लंडनमधला आल्फ गार्नेट हा त्यातला घरधनी. काळ्यांवर, ज्यूंवर, परदेशी लोकांवर, स्वतःच्या बायकोवर आणि जावयावर सतत डाफरणारा. स्पाइट यांना या माणसाची खिल्ली उडवायची होती. मेरी व्हाइटहाउस या शिक्षिकेने १९६४ मध्ये बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमधल्या मोठ्या सभेतून टीव्ही स्वच्छ करण्याची मोहीम सुरू केली होती. या मालिकेवर त्यांचा विशेष राग. आल्फच्या तोंडी एक शिवी किती वेळा येते, हे त्या मोजत. इकडे आल्फचं काम करणारे वॉरन मिचेल स्वतः ज्यू होते, आणि रस्त्यात लोक त्यांना थांबवून शाबासकी देत, की त्या लोकांना तुम्ही बरं सुनावता. आम्ही त्यांना नाही, तुमच्यासारख्यांनाच सुनावतो, असं मिचेल सांगत. मला वाटतं, शिवी मोजणाऱ्या बाईंपेक्षा या शाबासकीत धोक्याची खूण जास्त होती. पण शिवी मोजता येते, शाबासकी मोजायची कशी?

अमेरिकेत नॉर्मन लीअर यांनी हा साचा उचलला आणि त्यात आपल्या वडिलांना बसवलं. त्यांचे वडील आईला "गप्प बस" म्हणून दटावत. तेच पालुपद आर्ची बंकरच्या तोंडी आलं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं घर, गोदीत काम करणारा आर्ची, भोळी बायको ईडिथ, लेक ग्लोरिया आणि त्याच घरात राहून शिकणारा उदारमतवादी जावई माइक. एबीसी वाहिनीने नमुन्याचे दोन भाग करून घेतले आणि दोन्ही नाकारले. सीबीएसने धीर केला. १२ जानेवारी १९७१ रोजी पहिला भाग दाखवताना आधी पडद्यावर निवेदन आलं. आमच्यातल्या उणिवा आणि पूर्वग्रह हसण्यावारी नेऊन ते किती हास्यास्पद आहेत हे आम्हाला दाखवायचं आहे, असा त्याचा आशय. तक्रारींसाठी फोनवर जादा माणसं बसवली होती. तक्रारी अपेक्षेपेक्षा फार कमी आल्या. पुढे सलग पाच हंगाम ही अमेरिकेतली सर्वांत जास्त पाहिली जाणारी मालिका ठरली, आणि त्यांतली चार वर्षं ती शनिवारी रात्री आठला लागत असे. म्हणजे घरातली मुलंही जागी असताना.

मग १९७४ आलं. पडद्यावरची हिंसा आणि लैंगिक दृश्यं याबद्दल संसदेच्या समित्यांनी प्रक्षेपण आयोगाला जाब विचारला. आयोगाचे अध्यक्ष रिचर्ड वायली यांना कायदा करून मजकुरावर बंधन घालता येत नव्हतं, कारण राज्यघटना आडवी येत होती. त्यांनी वाहिन्यांच्या प्रमुखांना बोलावून घेतलं. त्या बैठकांतून 'कुटुंबाचा तास' निघाला. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात, सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगं नाही असं काही दाखवायचं नाही, असं प्रक्षेपकांच्या संघटनेने आपल्या आचारसंहितेत १९७५ मध्ये घातलं.

सगळ्या कुटुंबाने पाहण्याजोगं म्हणजे काय, ते मात्र कुणी नेमकं लिहिलं नाही. त्यातून गमती झाल्या. आर्चीला शनिवारच्या आठ वाजल्यापासून उचलून सोमवारी नऊला नेलं. त्याच्या जागी शनिवारी आठला आली 'द जेफर्सन्स'. ही मालिका आर्चीच्याच शेजाऱ्यावर बेतलेली, लीअर यांच्याच कंपनीची. तिचा नायक जॉर्ज जेफर्सन काळा, आणि गोऱ्यांबद्दलचे त्याचे ग्रह आर्चीच्या तोडीचे. शिवाय न्यूयॉर्कला जे नऊ वाजता लागे ते शिकागोच्या घड्याळात आठलाच लागे, कारण मध्य अमेरिकेत वाहिन्यांचा कार्यक्रम घड्याळाने एक तास आधी सुरू होई. न्यूयॉर्कच्या मुलाला जे अयोग्य, ते शिकागोच्या मुलाला आठ वाजता योग्य!

लेखक, दिग्दर्शक आणि नटांच्या संघटना आणि लीअर यांची कंपनी न्यायालयात गेली. नोव्हेंबर १९७६ मध्ये लॉस एंजेलिसचे न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी निकाल दिला, की आयोगाने पडद्याआडून दबाव आणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग केला. एखाद्या वाहिनीने स्वतःच्या बुद्धीने मुलांचा विचार करावा, त्याला हरकत नाही. सरकारी धाकाने सगळ्यांनी मिळून करू नये. तीन वर्षांनी वरच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर हा निकाल बाजूला ठेवला, पण तोवर तो तास मोडीत निघाला होता. आर्ची मात्र सोमवारी गेला तरी त्या हंगामातही पहिलाच राहिला.

या सगळ्या धावपळीत १९७४ सालचं एक छोटं संशोधन मागे पडलं. नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका छोट्या गावातल्या हायस्कूलची २३७ मुलं-मुली आणि कॅनडातले १३० प्रौढ यांना ही मालिका कशी वाटते ते विचारलं. सोबत त्यांच्या मनातले पूर्वग्रहही तपासले. मालिका सगळ्यांनाच विनोदी वाटत होती. फरक पुढे होता. ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त, त्यांना आर्चीचं बोलणं माइकपेक्षा पटत होतं आणि भागाच्या शेवटी आर्चीच जिंकतो असं वाटत होतं. अमेरिकेतल्या त्या शाळकरी मुलांत तर अशीच मुलं मालिका जास्त नेमाने बघत होती. एकच प्रसंग आणि एकच हशा, पण दोन घरांत दोन वेगळे अर्थ. पडद्यावरचं निवेदन त्याच्या आड आलं नाही.

मला या संशोधनातला प्रश्न फार मोलाचा वाटतो. किती शिव्या आल्या, किती वाजता आल्या, हे त्यांनी विचारलंच नाही. कोण जिंकलं, एवढं विचारलं.

पुढचा काळ मात्र पुन्हा मोजण्याचाच. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर अमेरिकेत १९९७ पासून पडद्याच्या कोपऱ्यात वयाची खूण आली, आणि त्याच वर्षी तिच्या सोबतीला अक्षरं आली: सूचक बोलण्यासाठी एक, असभ्य भाषेसाठी एक, लैंगिक दृश्यांसाठी एक, हिंसेसाठी एक. दुसऱ्याला तुच्छ लेखण्यासाठी अक्षर नाही. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरच्या मालिकांसाठी सात, तेरा आणि सोळा असे टप्पे केले. त्यांत प्रतवारी करताना जात, वंश, लिंग, धर्म, अपंगत्व यांवरून होणारा भेदभावही विचारात घ्या असं लिहिलं आहे. एवढ्यापुरतं आपण पुढे आहोत. पण तेही पडद्यावर काय आहे तेवढंच सांगतं. पडद्यासमोर बसलेल्याने त्यातून काय उचललं, ते कुठलंच अक्षर सांगू शकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ती विनोदी मालिका नव्हे. पण घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघायचीच होती आणि आमच्या पुण्याच्या वाड्यात आम्ही तशी बघत होतो. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली, मेक्सिकोतल्या मिगेल साबिदो यांच्या बोधपर मालिकांच्या धर्तीवर आखलेली. दारुडा नवरा बसेसर राम, सगळं मुकाट्याने सोसणारी भागवंती. असं सोसत राहिलं तर बाईचं काय होतं, हे दिसावं म्हणून भागवंती रचली होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन त्याचं तात्पर्य समजावत.

आई रडत असे. एकदा डोळे पुसत मला म्हणाली, "बघ, कसं सोसलंन् तिनं. बाईला हे जमलं पाहिजे." त्याच पावसाळ्यात ताई सासरहून आली होती, काही सांगायला. आईने ऐकून घेतलं, चार दिवस ठेवून घेतलं आणि परत पाठवलं. निरोप देताना तिने भागवंतीचं नाव घेतलं. पुढचं सगळं ताईचं आहे. ते मी इथे लिहिणार नाही. भाची तिचीच मुलगी.

कितीतरी वर्षांनी अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांचं 'हम लोग'वरचं संशोधन वाचलं. भागवंतीला आदर्श मानणाऱ्या बायका त्यांना देशभर आढळल्या होत्या. या प्रकाराला त्यांनी जे नाव वापरलं ते वाचून मी थबकले. ते नाव होतं 'आर्ची बंकर परिणाम'. क्वीन्समधला तो चिडका माणूस आमच्या वाड्यात येऊन बसला होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता. 'हम लोग'मध्ये मुलांपासून लपवावं असं काही नव्हतं. कुठल्याही देशाच्या कुठल्याही खुणेने ती मालिका चौदा वर्षांच्या मुलीला योग्यच ठरली असती.

भाचीला मी कळवलं, की बंदी घालू नकोस, पण तुकडे नकोत. तुकड्यात आर्चीचा टोमणा तेवढा राहतो, माइकचं उत्तर कापलं जातं. पूर्ण भाग लाव, शेजारी बस, आणि संपल्यावर एकच विचार, कोण जिंकलं? गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअर आर्चीच्या घरी येतो तो १९७२ चा भाग मी सुचवला. त्यात फोटो काढण्याच्या क्षणी सॅमी आर्चीच्या गालाचं चुंबन घेतो आणि आर्चीचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

आठवड्याने फोन आला. मुलगा म्हणाला होता, आर्चीच जिंकला, कारण सगळ्यात जास्त हसू त्याच्याच वाक्यांना येतं. त्यावर आईलेकाचा वाद जेवण होईपर्यंत चालला. तो बदलला की नाही, भाचीला अजून सांगता येत नाही. पण पुढचा भाग बघायला तो स्वतःहून तिला हाक मारतो.

धाकटीने वेगळंच उत्तर दिलं होतं. म्हणाली, "कुणीच नाही. ती ईडिथ सारखी सगळ्यांसाठी पळत असते, तिला कुणी काही विचारतच नाही."

हे मी ताईला अजून सांगितलेलं नाही. दिवाळीत ती येणार आहे, तेव्हा सांगेन.